क्रिस्टीनच्या नावावरची जमीन

नॉर्वेतल्या एका बाईनं शंभर वर्षांपूर्वी लिहिलेल्या कादंबरीवरून तिसगावात दोन माणसं आवाज चढवून भांडतात, याचा मला तरी आनंदच वाटतो. कादंबरी म्हणजे सिग्रिड उंडसेट यांची 'क्रिस्टीन लाव्हरान्सदातर'. पुष्पमुकुट, घरधनीण आणि क्रूस अशा अर्थाच्या नावांचे तिचे तीन खंड 1920, 1921 आणि 1922 असे लागोपाठ आले. 1928 साली लेखिकेला नोबेल मिळालं.

भांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले सर. दुसरी त्यांचीच एके काळची विद्यार्थिनी. ती आता पाथर्डीच्या कोर्टात वकिली करते आणि तिच्याकडची निम्मीअधिक कामं शेतजमिनीच्या वाटण्यांची असतात. गाव तिला वकीलबाई म्हणतं, म्हणून सरही थट्टेनं तसंच म्हणतात. दोघांनी त्रयी इंग्रजीतूनच वाचली, पण सरांनी जुनं भाषांतर वाचलं आणि हिनं नवं. मी दोन्ही चाळली आहेत, त्यामुळे पंच म्हणून मला बसवलं होतं. पंचाला बोलायला फारशी संधी मिळाली नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. काळ चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध. लाव्हरान्स हा गुडब्रान्ड्सडालच्या दरीतला सधन, देवभोळा शेतकरी. सिमोन नावाच्या भल्या मुलाशी त्यानं क्रिस्टीनची सोयरीक ठरवलेली असते. ती वर्षभर ऑस्लोच्या एका मठात राहायला जाते आणि तिथं एरलेंड भेटतो. देखणा, खानदानी, आणि दुसऱ्याच्या बायकोपासून दोन मुलं झालेला. बापाला नमवून क्रिस्टीन त्याच्याशीच लग्न करते, तेही दिवस गेलेले असताना. पुढं हुसाबी नावाचं त्याचं मोडकळीला आलेलं घर, सात मुलगे, नवऱ्याचं राजाविरुद्धचं कारस्थान, जप्ती, माहेरी परतणं, ताटातूट, आणि शेवटी 1349 ची प्लेगची साथ.

सरांच्या ओट्यावर चहा आला आणि सुरुवात झाली.

सर: या पुस्तकाचा नायक लाव्हरान्स आहे, हे आधी मान्य कर. मग पुढं बोलू.

वकीलबाई: पुस्तकाला नाव पोरीचं आहे, सर.

सर: त्या नावात बाप आहे. लाव्हरान्सची मुलगी.

वकीलबाई: आणि लग्न झाल्यावरही ती लाव्हरान्सचीच मुलगी राहते. आपल्याकडं हळद उतरायच्या आत आधार कार्डावरचं नाव बदलायला रांगेत उभं करतात.

सर: फाटे फोडू नकोस. पहिल्या खंडाच्या शेवटाकडं बघ. लग्नाची रात्र आहे, पाहुणे पिऊन आडवे झालेत. ज्या मुलीच्या डोक्यावर त्यानं स्वतः कुमारिकेचा मान म्हणून मुकुट पाहिला, ती फसवून बसलीय हे लाव्हरान्सला कळून चुकलंय. तो आरडाओरडा करत नाही, कुणाला मारत नाही. तेवढ्यात बायको त्याला सांगते, की लग्नाआधी माझंही एक प्रकरण होतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर, त्याच रात्री! मुलगी गेली आणि बायकोही आपण समजत होतो ती नव्हती. या माणसावर एका रात्रीत दोन घरं कोसळतात आणि तो उभा राहतो. मी वर्गात 'किंग लिअर' शिकवला आहे. लिअर वादळात ओरडतो तरी. हा ओरडतही नाही.

वकीलबाई: तो प्रसंग मलाही भारी वाटला. पण तुम्ही त्यात बापाचं दुःख वाचलंत, मी त्याच्या बायकोचं, रांगफ्रिडचं वाचलं. ती बाई वीसेक वर्षं एक गोष्ट पोटात घेऊन त्याच माणसाच्या ताटात वाढतेय. तीन मुलगे तान्हेच गेले, तर तिला वाटत राहिलं की आपल्या पापाचं फळ. एक मुलगी ओंडक्याखाली सापडून अधू झाली, तेही तिनं आपल्याच खात्यावर मांडलं. लाव्हरान्स भला आहे हो, कोण नाही म्हणतंय. पण इतक्या भल्या माणसाला ही गोष्ट सांगायला बायकोला इतकी वर्षं का लागावीत, हा प्रश्न तुमच्या मनात आला का?

सर: (थोडं थांबून) नाही आला.

वकीलबाई: बघा.

सर: पण म्हणून क्रिस्टीननं केलं ते बरोबर ठरत नाही. बापानं शब्द दिला होता. खेड्यात शब्दाची किंमत काय असते ते तुला मी सांगायला नको. शिवाय सिमोनमध्ये काय वाईट होतं? दुसऱ्याच्या नादी लागलेल्या मुलीला तो स्वतः मोकळी करतो, बोभाटा करत नाही. पुढं एरलेंड तुरुंगात हाल सोसत पडला तेव्हा त्याला सोडवायला धावतो कोण? सिमोनच. ज्यानं आपली नवरी पळवली त्याच्यासाठी!

वकीलबाई: हे पुस्तक वाचणारा प्रत्येक जण सिमोनच्या प्रेमात पडतो, मीही पडले. पण सर, माझ्याकडं येणाऱ्या आईबापांचं हेच म्हणणं असतं. 'मॅडम, मुलगा निर्व्यसनी आहे, एवढी बागायत आहे, पोरीला काय कमी पडणार होतं?' पोरगी समोर खाली मान घालून बसलेली असते. तिला कुणी काही विचारलेलं नसतं. मुलगा चांगला असणं आणि पोरीला तो हवा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उंडसेटला ते बरोबर कळलं होतं. तिनं सिमोनला वाईट केलं असतं तर कादंबरी सोपी झाली असती. मग क्रिस्टीनचं काही चुकलं नाही, असं म्हणून आपण मोकळे झालो असतो.

सर: चुकलं, असं तूही म्हणतेस तर!

वकीलबाई: चुकलं ते एरलेंडला ओळखण्यात. त्याला नाही म्हणायला पाहिजे होतं, बापाला नाही म्हटलं त्यात काही चूक नव्हती.

इथं मी मध्ये पडलो. एरलेंडबद्दल दोघांचं एकमत आहे का, एवढंच विचारलं. सर म्हणाले, बिनकामाचा माणूस. वकीलबाई म्हणाली, बिनकामाचा खरा, पण त्याच्याशिवाय पुस्तक चारशे पानांत संपलं असतं. मलाही तसंच वाटतं. एरलेंड बोलतो गोड, घोड्यावर शोभतो, युद्धात शूर, मुलांचा लाडका. पण गोठ्यात चारा किती शिल्लक आहे हे त्याला विचारू नये. असा माणूस प्रत्येक भावकीत एक तरी असतो, आणि बायको कितीही चिडली तरी तो दारातून आत आला की घर उजळतं, हेही खरं असतं. उंडसेटनं त्याला शिक्षा दिली, पण हास्यास्पद केलं नाही.

सर: मला एक मोठी तक्रार आहे. दुसरा खंड. अगं, किती ते राजकारण! राजा मॅग्नस, त्याचे सरदार, कुणाचा मेहुणा कुणाचा साडू. मी मार्जिनमध्ये वंशावळ काढली तरी हरवलो.

वकीलबाई: ते दरबाराचं मीही भरभर उलटलं. पण हुसाबीचा भाग? पहिल्यांदा घरात पाऊल टाकते तो?

सर: तो चांगला आहे. पण त्यात घडतं काय?

वकीलबाई: काय घडतं? सर, ती गरोदर आहे, कुणाला सांगता येत नाही, कारण महिने मोजले जातील. नव्या घरात गेली तर घर कसलं? पडझड, घाण, गडीमाणसं सुस्तावलेली, जनावरं खंगलेली, जेवणखाण धड नाही. धन्याला पत्ताच नाही. आणि ही पोर उठते आणि एकेका गोष्टीला हात घालते. अंथरुणं उन्हात, दुधाची भांडी धुवून, कोठारात काय आहे नि काय नाही याचा हिशेब. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरी लाइटचं बिल कुठं ठेवतात तेवढं कळायला मला सहा महिने लागले! ते वाचताना मला वाटलं, युद्धाचं वर्णन जितक्या बारकाईनं करतात तितक्या बारकाईनं या बाईनं दूधदुभत्याचं केलंय. घर चालवणं हेच तिच्या लेखी पराक्रमाचं काम आहे. यात काही घडत नाही असं फक्त पुरुषाला वाटू शकतं.

सर: (हसत) आणि निवृत्त माणसाला. बरं, मान्य. पण त्या सगळ्यावर ती जे कुढत बसते? नवरा चुकला की दहा वर्षांनीही काढते. जुनी जखम उकरत राहते. माझ्या बायकोला गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, ही बाई विसरत काहीच नाही का?

वकीलबाई: काकूंना विचारा, त्या विसरतात का.

(आतून, स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज आला: 'काही विसरत नाही. पण रोज काढतही नाही.' हे मला दोन्ही बाजूंच्या वकिलीपेक्षा चांगलं मत वाटलं, म्हणून नोंदवून ठेवतो.)

मग गाडी भाषांतरावर आली. सरांनी वाचलेलं भाषांतर चार्ल्स आर्चर यांचं. पहिल्या खंडाला जे. एस. स्कॉट त्यांच्या जोडीला होते. हे तीन खंड 1920 च्या दशकातच इंग्रजीत आले. चार्ल्स म्हणजे इब्सेनला इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम आर्चर यांचा भाऊ. हिंदुस्थान अजून सुधारलेला नाही, असं 1917 साली पुस्तक लिहून सांगणारे हेच विल्यम. योगी अरविंदांनी त्यांना सणसणीत उत्तर दिलं होतं. नवं भाषांतर टीना नन्नली यांचं. तेही तीन खंडांत, 1997 ते 2000 या काळात आलं. 2005 साली ते एका जाडजूड पुस्तकात मिळू लागलं.

सर: आर्चरची इंग्रजी जुन्या वळणाची आहे. माणसं बायबलसारखी बोलतात. चौदाव्या शतकातला शेतकरी आजच्या बँकेतल्या कारकुनासारखा बोलला तर मला पटणार नाही. जुन्या काळाला एक दबदबा लागतो. बखर वाचताना वाटतो तसा.

वकीलबाई: दबदबा आर्चरचा आहे, उंडसेटचा नाही. तिची नॉर्वेजियन साधी, ठाशीव आहे असं जाणकार सांगतात. जुने शब्द ती वापरते, पण मिरवत नाही. आर्चरनं काही मजकूर गाळलाही होता, त्यातला बराच क्रिस्टीन आणि एरलेंडच्या शारीर जवळिकीचा. नन्नलीनं तो परत आणला. आता सांगा, तुमच्या पुस्तकात ती एरलेंडकडं का ओढली जाते हेच अर्धं कापलेलं असेल, तर तुम्हाला ती नुसती हट्टी वाटणारच. तुमचा निकाल अपुऱ्या कागदांवर लागलाय.

सर गप्प झाले. मग म्हणाले, 'आम्हाला कॉलेजात जी मिळाली ती वाचली.' हा मुद्दा माझ्या मते वकीलबाईनं सरळ जिंकला. वाचकाचं मत त्याच्या स्वभावावरून ठरतं असं आपण म्हणतो, पण कुठल्या वर्षीची आवृत्ती हाती लागली यावरूनही ते ठरतं. क्रिस्टीनचा हट्ट आणि क्रिस्टीनची ओढ यांतलं काय ठळक दिसणार, हे सरांच्या बाबतीत 1920 च्या दशकातल्या कुणाच्या तरी संकोचानं आधीच ठरवून टाकलं होतं.

सर पुन्हा सरसावले, या वेळी मराठी रंगभूमी घेऊन.

सर: नॉर्वे आपल्याला नवा नाही. 1933 साली नाट्यमन्वंतरनं मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' केलं. केशवराव दाते, ज्योत्स्ना भोळे. ते मूळ ब्योर्नसनचं, श्री. वि. वर्तकांनी मराठीत आणलेलं. पुढं अनंत काणेकरांनी इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'चं 'घरकुल' केलं. आपल्याकडच्या मध्यमवर्गानं बाईचा प्रश्न या नॉर्वेवाल्यांकडून ऐकला.

वकीलबाई: आणि ब्योर्नसनच्या त्या नाटकात प्रश्न कोणता होता, सर? तुम्हीच सांगितलं होतं आम्हाला.

सर: की लग्नाआधी मुलगी शुद्ध हवी, तर मुलगा का नको.

वकीलबाई: झालं! एरलेंडला लग्नाआधीची दोन मुलं आहेत. त्याला वाळीत टाकलं, दंड झाला, सगळं झालं. पण मिरवायची वेळ आली तेव्हा मुकुट कुणाच्या डोक्यावर होता? लाजेनं मान कुणाची खाली गेली? पुढं तान्ह्या मुलाला पाठीला बांधून निदारोसला अनवाणी चालत कोण गेलं? ब्योर्नसननं नाटकात भांडून विचारलेला प्रश्न उंडसेटनं तीन खंडांत नुसता जगून दाखवला, एकदाही भाषण न ठोकता.

सर: त्या अनवाणी चालण्याचं मात्र तू चुकीचं वाचतेस. ती शिक्षा नाही. ते तिला स्वतःला हवं आहे. लग्नातला तो मुकुट सोबत घेऊन ती संत ओलाफच्या समाधीला वाहायला निघते. टेकडीवरून देवळाचे मनोरे दिसतात आणि ती गुडघ्यावर कोसळते. मी पंढरीची वारी केली आहे. कळस दिसला की माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. पैठणहून कावडीनं गोदेचं पाणी मढीला आणणाऱ्यांना विचार, कुणी शिक्षा केली म्हणून खांद्यावर ओझं घेतलं का? पाप वाटणं ही काही मागासलेपणाची खूण नाही. आपल्या हातून कुणाचं तरी वाईट झालं हे ज्याला टोचतं, तोच माणूस.

वकीलबाई: टोचायला हरकत नाही, पण किती? तिसऱ्या खंडात तर दर दहा पानांनी पश्चात्ताप. त्या धर्मगुरूंची मला धास्ती बसली. उंडसेट स्वतः 1924 ला कॅथलिक झाली, ते आधीपासूनच आत शिजत होतं, दिसतंच.

सर: झाली ती त्रयी पुरी झाल्यावर. लिहिताना नव्हती. हे विसरून लोक तिला प्रवचनकार ठरवतात. ज्या काळात माणूस उठताबसता देवाशी बोलायचा, त्या काळातली बाई देवाशिवाय कशी लिहायची? त्याच्या एकच पिढी आधी, 1290 साली, आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तो काळ देवाशिवाय लिहून दाखव.

वकीलबाई: हे मात्र मान्य. आणि प्लेगची शेवटची पानं वाचताना माझी तक्रार गळून पडली. घाबरलेली माणसं रोग जावा म्हणून एका लहान मुलाला जिवंत पुरायला निघतात, आणि ही म्हातारी होत आलेली बाई मध्ये उभी राहते. मग कुणीही हात लावत नाही अशा भिकारणीचं प्रेत स्वतः उचलायला जाते. तिथं मी पुस्तक खाली ठेवलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत सख्ख्या मुलांनी लांबून हात जोडलेले आपण पाहिलेत.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. या साथीत नॉर्वेतली निम्मी माणसं गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मग सरांनी जो प्रश्न विचारला, त्यावर या सगळ्या भांडणाचा खरा मुद्दा वर आला.

सर: बरं, एक सांग. तू कोर्टात दिवसभर भावकीची भांडणं ऐकतेस. मग रात्री आणखी अकराशे पानं तेच कशाला वाचलंस?

वकीलबाई: पहिलं वाक्य वाचलं म्हणून. तुम्हाला आठवतंय कादंबरी कशानं सुरू होते? वाटणीनं! 1306 साली एक माणूस मेला, त्याच्या जमिनीची वाटणी झाली, आणि एक शेत मुलीकडं, म्हणजे रांगफ्रिड आणि तिच्या नवऱ्याकडं आलं. मी म्हटलं, ही बाई माझीच केस लिहितेय! आणि सर, हे काही उगाच नाही. नॉर्वेच्या राजानं 1274 साली सगळ्या देशासाठी कायदा केला होता. त्यात मुलीला भावाच्या निम्मा हिस्सा होता. निम्मा का होईना, होता. आता पुढचं जोडून बघा. लाव्हरान्सचे मुलगे जगले नाहीत, म्हणून ते शेत क्रिस्टीनकडं आलं. एरलेंडचं कारस्थान उघडं पडलं, त्याच्या जमिनी राजानं जप्त केल्या. हुसाबी गेलं. सात मुलगे, बिनकामाचा नवरा, आणि खायला काय? माहेरचं शेत. तिच्या नावावरचं. ते नसतं तर तिसरा खंड रस्त्यावरच लिहावा लागला असता.

सर: हे मी या नजरेनं वाचलं नव्हतं.

वकीलबाई: तुम्ही तिचं पाप वाचत होतात, मी तिचा सातबारा वाचत होते. आपल्याकडं महाराष्ट्रानं 1994 ला आणि केंद्रानं 2005 ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा दिला. कागदावर आपण त्या 1274 च्या राजाच्या पुढं गेलो. प्रत्यक्षात? भाऊ साडीचोळी करतो, गाडी करून बहिणीला दुय्यम निबंधकाकडं आणतो, आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. का करतेस विचारलं तर म्हणते, माहेर तुटायला नको. मी समजावते. दहातली एखादी ऐकते. क्रिस्टीननं हक्कसोड केली असती तर एरलेंडच्या जप्तीनंतर तिचं काय झालं असतं, हे मी आता अशिलांना गोष्ट म्हणून सांगते. नाव बदलून सांगते. क्रिस्टीनची कृष्णा होते. त्यांना ती शेवगावकडची वाटते.

सर: म्हणजे खरं भाषांतर तूच केलंस!

वकीलबाई: फी न घेता.

आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल मात्र नवऱ्याच्या हातात पडते. वकीलबाईची कृष्णा ऐकणाऱ्या बायका यांतल्याच असतात. त्यांना नोबेल ठाऊक नाही. जप्ती आणि उचल मात्र पक्की ठाऊक आहे.

सरांनी मग उंडसेट यांचीच गोष्ट काढली, आणि ती सांगितली पाहिजे. वडील पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. ही अकरा वर्षांची असताना ते गेले. सोळाव्या वर्षी ती कचेरीत चिकटली आणि दहा वर्षं टाइपरायटरवर बसली. मध्ययुगावर लिहिलेली पहिली कादंबरी प्रकाशकानं परत केली आणि ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेला जाऊ नका असा सल्लाही फुकट दिला. पुढं लग्न झालं. नवऱ्याची आधीची तीन मुलं, स्वतःची तीन, त्यातलं एक लेकरू आजारी. संसार मोडला. लिलेहामरच्या घरात मुलं झोपली की रात्री कॉफी आणि सिगरेटच्या आधारानं तिनं ही त्रयी लिहिली. हुसाबीच्या घरात पहाटे उठणाऱ्या बाईचा थकवा तिला कुठून ठाऊक होता, हे वेगळं सांगायला नको.

सर: प्रकाशकाचा सल्ला ऐकला असता तर?

वकीलबाई: तर आपण एरलेंडवर भांडलो नसतो. पण सर, मला आता एका गोष्टीचा राग येतो. आपल्याकडं ऐतिहासिक कादंबऱ्या काय कमी आहेत? 'उषःकाल' आहे, 'स्वामी' आहे, 'पानिपत' आहे. मी सगळ्या रडत वाचल्या. पण त्यांतली बाई बहुधा वाड्यातली, गडावरची. ती सती जाते, निरोप देते, ओवाळते. गोठा झाडणारी, वाटणीत अडकलेली, नवऱ्याच्या मूर्खपणाचं कर्ज फेडणारी बाई चौदाव्या शतकात इथं नव्हती का?

सर: होती. पण कागद कुठून आणायचे? उंडसेटला तिकडचे दस्तऐवज मिळाले, सागा मिळाल्या.

वकीलबाई: आपल्याला 'लीळाचरित्र' मिळालंय ना! तेराव्या शतकातली माणसं काय खातात, कुठं निजतात, कशावरून भांडतात, बायका चक्रधरांना काय विचारतात, सगळं त्यात आहे. तुम्हीच वर्गात म्हणाला होतात. ताम्रपट आहेत, शिलालेख आहेत. क्रिस्टीन संसार करत होती तेव्हा इकडं देवगिरीचं दौलताबाद होत होतं. 1327 ला दिल्लीहून आख्खी राजधानी आली. 1347 ला बहमनी राज्य झालं. मग त्याच शतकाच्या शेवटी दुर्गादेवीचा दुष्काळ, वर्षानुवर्षं लांबलेला. एवढ्या उलथापालथीत घोटण किंवा नेवासा भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरातली सून काय करत होती? तिच्या चुलीपाशी कोण बसलं होतं? हे सात-आठशे पानांत सांगणारं कुणी हवं.

सर: तू लिही.

वकीलबाई: मला तारखा आहेत. तुम्ही लिहा, तुम्हाला वेळ आहे.

सर: मी लिहिलं तर बाप नायक होईल.

वकीलबाई: म्हणूनच काकूंना वाचून दाखवत लिहा.

काकू आतून हसल्या. कोण लिहिणार हे त्या दिवशी ठरलं नाही. उंडसेटनंतर साहित्याचं नोबेल नॉर्वेकडं गेलं ते थेट 2023 साली, योन फॉस्से यांना. त्यांचीही एक 'त्रयी' आहे, छोटेखानी, पूर्णविराम टाळणाऱ्या गद्याची. सरांनी ती चार पानांत सोडली. वकीलबाईनं पुरी केली, पण त्यात शेतजमीन नाही अशी तिची तक्रार आहे.

पंच म्हणून माझा निकाल असा, की लाव्हरान्स या कादंबरीतलं सगळ्यात सुंदर माणूस आहे हे सरांचं म्हणणं खरं, आणि तरी पुस्तक त्याचं नाही. ज्यांना वाचायची असेल त्यांनी नन्नलीचं भाषांतर घ्यावं. पहिल्या पन्नास पानांत नावं गोंधळात टाकतात. एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा. पहिला खंड प्रेमकथा म्हणून वाचून थांबू नका. दुसऱ्या खंडात दरबार सुरू झाला की हवी तर पानं उलटा, पण हुसाबीच्या घरातलं एकही पान उलटू नका. आणि तुमच्यापैकी कुणी हक्कसोडपत्रावर सही करायला निघाली असेल, तर आधी क्रिस्टीन वाचा, नाही तर पाथर्डीला येऊन आमच्या वकीलबाईकडून कृष्णाची गोष्ट तरी ऐका.